५, ५, ७ चा त्रिकोण काटकोन का नाही? पोरीचे २ मार्क गेले

जुळेसोलापूरची_आई:

नमस्कार मंडळी. प्रश्न शाळेतला आहे, हसू नका, पण दोन दिवस झाले आमच्या घरात याच्यावरून वाद चाललाय म्हणून शेवटी इथे टाकते. मुलगी सातवीत आहे. चाचणीत आलं होतं की त्रिकोणाच्या बाजू ५ सेमी, ५ सेमी आणि ७ सेमी आहेत, तर बाजूंवरून आणि कोनांवरून त्याचा प्रकार सांगा. हिने काय केलं तर शहाणपणा करून पेपरच्या मागच्या पानावर पट्टी आणि कंपास घेऊन त्रिकोण काढला, कोनमापक लावला, वरचा कोन ९० दिसला, लगेच लिहून टाकलं "समद्विभुज काटकोन त्रिकोण". मॅडमनी अख्ख्या प्रश्नावर फुली मारली, २ पैकी ०. शेजारी लाल पेनानं "लघुकोन" एवढंच लिहिलंय, का ते नाही लिहिलेलं.

मी घरी काढून बघितला तर खरंच ९० दिसतो हो. मिस्टरांनी काढला तर त्यांना ८९ आला, म्हणाले तुझ्या पेन्सिलीला टोकच नाही. मग मी परत काढला तर ९०. आता कुणाचं धरायचं?

अजून दोन शंका आहेत, आलेच आहे तर विचारून घेते. एक म्हणजे ट्यूशनचे सर सांगतात समभुज त्रिकोण हा समद्विभुज पण असतो, शाळेत सांगतात ते दोन वेगवेगळे प्रकार. आणि दुसरं, त्रिकोणाचे प्रकार एकूण ६ की ९? बाजूंचे ३, कोनांचे ३, मग ६ म्हणायचं का ३ गुणिले ३ म्हणायचं.

आणि हो, धाकटा पाचवीत आहे, तो मधेच येऊन म्हणतो विषमभुज म्हणजे ज्याच्या बाजू विषम संख्या असतात तो, ३, ५, ७ वगैरे. त्याला काय सांगू, माझंच डोकं फिरलंय.


कडक_भाकरी:

मॅडमचं बरोबर आहे ताई. ५ चा वर्ग २५, दोन वेळा म्हणजे ५०. ७ चा वर्ग ४९. काटकोन असता तर पायथागोरसच्या नियमानं दोन्ही आकडे सारखे आले असते, इथं मोठ्या बाजूचा वर्ग १ नं कमी पडतोय म्हणजे कोन ९० ला थोडा कमी, म्हणजे लघुकोन. विषय संपला 😄


निवृत्त_मास्तर:

कडक भाकरी यांनी उत्तर बरोबर दिलंय, पण विषय संपला असं म्हणू नये, इथंच तर गंमत सुरू होते.

ताई, तुमच्या मुलीची पद्धत चुकली, नजर चुकलेली नाही. ५ आणि ५ यांच्यामध्ये बरोब्बर काटकोन ठेवला तर समोरची बाजू ५० चं वर्गमूळ येते, म्हणजे ७.०७ सेमी. पेपरात दिलीय ७. फरक किती, तर ०.०७ सेमी, म्हणजे पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. पट्टीवर सगळ्यात बारीक खूण १ मिमीची असते, पेन्सिलीची रेघ अर्धा मिमी जाड, त्यात कंपासचं टोक जरा सरकलं की झालं. त्या त्रिकोणाचा वरचा कोन हिशोबानं ८८.८५ अंश येतो आणि शाळेच्या कोनमापकावर एक-एक अंशाच्या खुणा असतात, त्यामुळे मिस्टरांचा ८९ पण खरा आणि तुमचा ९० पण आपल्या जागी खरा. ज्यानं हा प्रश्न काढला त्यानं मुद्दाम ५, ५, ७ घेतलेत, आम्ही पण घ्यायचो, जे पोरगं चित्र काढून मोजतं ते अडकतं आणि जे वर्ग करतं ते सुटतं. जरा दुष्टपणा आहे, कबूल.

आता प्रकारांचं. मुलांना मी सांगायचो की त्रिकोणाला आपण दोन निरनिराळे प्रश्न विचारतोय, जसं एखाद्या पाहुण्याला गाव कुठलं आणि काम काय करता असं दोन्ही विचारतो तसं. बाजू किती सारख्या हा एक प्रश्न, त्याची उत्तरं समभुज, समद्विभुज, विषमभुज. सगळ्यात मोठा कोन केवढा हा दुसरा, त्याची उत्तरं लघुकोन, काटकोन, विशालकोन. प्रत्येक त्रिकोणाला दोन्ही उत्तरं द्यावीच लागतात. म्हणून ६ प्रकार म्हणणं म्हणजे गावं आणि कामं यांची बेरीज करणं झालं, त्याला अर्थ नाही. पण ९ पण नाहीत. तिन्ही बाजू सारख्या झाल्या की तिन्ही कोन ६०-६०-६० होतात, मग समभुज काटकोन आणि समभुज विशालकोन असले त्रिकोण काढताच येत नाहीत. ९ मधून हे २ गेले, उरले ७.

मुलीची कंपासपेटी उघडा. त्यात दोन गुण्ये असतात. एकाचे कोन ४५, ४५, ९०, तो समद्विभुज काटकोन. दुसऱ्याचे ३०, ६०, ९०, तो विषमभुज काटकोन. सातातले दोन प्रकार तिच्या दप्तरात रोज शाळेत जाऊन येतायत आणि बहुतेक त्यांचा उपयोग समास आखायलाच होतोय.

एक चूक मात्र फार मुलं करतात ती तपासा. एखादा कोन ९० पेक्षा लहान दिसला की लगेच लघुकोन त्रिकोण लिहितात. अहो, दोन लघुकोन तर प्रत्येक त्रिकोणात असतातच, विशालकोन त्रिकोणात सुद्धा, कारण बेरीज १८० च्या वर जात नाही. बघायचा तो सगळ्यात मोठा कोन, आणि तो नेहमी सगळ्यात मोठ्या बाजूच्या समोर बसलेला असतो. वर्ग करताना पण तसंच. बाजू ६, १०, ८ अशा उलटसुलट दिल्या की मुलं पहिल्या दोन्हींचे वर्ग मिळवून तिसरीशी ताडून बघतात आणि फसतात. आधी मोठी बाजू बाजूला काढायची, मग हिशोब.


ओळंबा_आणि_थापी:

राम राम मंडळी. ताई माझं शिक्षन नववी नापास, पन काटकोनाचं म्हनाल तर पंचवीस वर्सं तेच करतोय, गवंडीकाम. आमी लाइनआउट करताना कोनमापक कुटं लावतो ओ, खुंट्या ठोकायच्या दोरी बांधायची, एका दोरीवर कोपऱ्यापासून ३ फुटावर खून, दुसऱ्या दोरीवर ४ फुटावर खून, आन दोन्ही खुनांच्या मधी टेप धरायचा. ५ फूट भरला तर कोपरा गुन्यात हाय. ५ ला कमी भरला तर कोपरा मिटलाय, दोरी भायेर न्या. ५ च्या वर गेला तर कोपरा फाकलाय, आत घ्या. मास्तर ज्याला लघुकोन विशालकोन म्हनत्यात त्येच हे मिटलेलं आन फाकलेलं. मोठी खोली असली तर ६-८-१० नायतर ९-१२-१५ नं बगायचं, जेवढं लांब धराल तेवढी चूक कमी.

५ बाय ५ चं म्हनाल तर आमाला तोंडपाठ हाय, कर्न ७ फूट आन वर पाऊन इंच, जरासं जास्तच. नवीन पोरं पाऊन इंच सोडून देत्यात, ७ फूट धरून मोकळे. मग काय व्हतं, १० फुटाच्या भिंतीला दुसऱ्या टोकाला जवळजवळ अडीच इंच आत येतंय. प्लास्टर झाल्यावर कुनाला दिसत नाय. दिसतं कवा, फरशी बसवताना. शेवटच्या वळीत एका टोकाला चार इंचाची पट्टी आन दुसऱ्या टोकाला दीड इंचाची, पाचर कापावी लागती, मग मालक इचारतो हे काय केलं रे. तवा ताई तुमच्या मॅडमनी २ मार्क कापले ते बरंच झालं, सस्त्यात सुटली पोरगी.


कडक_भाकरी:

ओळंबा भाऊ एक नंबर 🙏 आम्हाला सातवीत हे कुणी असं सांगितलं असतं तर आज कुठल्या कुठं असतो


बीएड_चालू_आहे:

मास्तर सरांच्या बाकी सगळ्याशी सहमत, पण ताईंची समभुजवाली शंका त्यांनी सोडून दिली, ती मी घेते. माझ्या मते ट्यूशनचे सर बरोबर आहेत. समद्विभुज म्हणजे निदान दोन बाजू सारख्या. समभुजात तीन सारख्या म्हणजे दोन तर सारख्या आहेतच. चौरस हा आयत असतो हे आपण मुलांना शिकवतोच ना, मग इथे वेगळा नियम का? आणि मार्कांचं मला पटलं नाही. प्रश्नात दोन भाग होते, बाजूंवरून आणि कोनांवरून. मुलीनं समद्विभुज बरोबर लिहिलंय, त्याचा १ मार्क मिळायलाच पाहिजे होता. ताई तुम्ही पेपर घेऊन जा आणि शांतपणे विचारा.


निवृत्त_मास्तर:

मार्काचं तुमचं बरोबर, १ मार्क तिचा आहे, माझ्या लक्षातून निसटलं.

समद्विभुजाचं मात्र इतकं सोपं नाही. इ.स.पू. ३०० च्या सुमारास युक्लिडनं व्याख्या लिहिल्या तेव्हा समद्विभुज म्हणजे फक्त दोनच बाजू सारख्या असं धरलं होतं, समभुजाला त्यानं वेगळं ठेवलं. शाळेतल्या मॅडम त्या जुन्या चालीवर आहेत, चूक नाहीत. आमच्या वेळी पण तसंच होतं.


बीएड_चालू_आहे:

सर, चालीला माझा विरोध नाही, पण निदान दोन धरल्याचा फायदा बघा ना. समान बाजूंसमोरचे कोन समान असतात हे समद्विभुजासाठी एकदा सिद्ध केलं की समभुजाला वेगळं काही करायलाच लागत नाही. एकदा ही जोडी घ्या, एकदा ती जोडी घ्या, तिन्ही कोन सारखे निघाले, १८० भागिले ३, झाले ६०. मघाशी तुम्ही जे म्हणालात ना की तिन्ही बाजू सारख्या झाल्या की ६०-६०-६० होतात, ते असंच तर निघतं. दोनच धरलं तर समभुजासाठी परत पहिल्यापासून सगळं मांडत बसा.


निवृत्त_मास्तर:

हे मान्य. मॅट्रिकच्या पोरांना शिकवताना मी पण गुपचूप असंच करायचो 🙂 परीक्षेपुरतं ताई तुम्ही मुलीला सांगा, जे नेमकं नाव आहे ते लिहायचं. तिन्ही सारख्या असल्या तर समभुज, तिथं समद्विभुज लिहिलं तर कुणी मार्क देणार नाही आणि भांडायला जाऊ नये.


यंत्रमाग_आणि_चहा:

मी उशिरा आलो. माझा शेड आहे अक्कलकोट रोडला एमआयडीसीत, टॉवेलचं काम. हे वाचून दुपारी मान वर करून छप्पर बघितलं तर पत्र्याखालची कैची म्हणजे सरळ त्रिकोण की ओ. आमचा गाळा २० फुटांचा, मधे उंची ४ फूट. दोन्ही उतार सारखे म्हणजे समद्विभुज. मग मास्तरांच्या पद्धतीनं हिशोब केला, अर्धा गाळा १०, त्याचा वर्ग १००, उंचीचे १६, म्हणजे एका उताराचा वर्ग ११६, दोन उतारांचे २३२, आणि खालच्या बाजूचे ४००. म्हणजे विशालकोन. म्हटलं बाकीच्यांचं बघू, तर ज्या ज्या शेडचा उतार ४५ अंशाला कमी आहे ती सगळी समद्विभुज विशालकोनच निघणार, आणि आपल्याकडं ४५ चा उतार कोण घालतो, पत्रा जास्त लागतो.

पण जुन्या गिरण्यांचं छप्पर आठवतंय का कुणाला, करवतीच्या दातासारखं? एक बाजू जवळपास उभी, तिला काच, आणि दुसरी बाजू लांब उतरती, तिला पत्रा नाहीतर कौल. काच उत्तरेकडं ठेवायची म्हणजे ऊन थेट मागावर पडत नाही, नुसता उजेड येतो, सुताचा रंग नीट दिसतो. तो दात विषमभुज आहे, तिन्ही बाजू वेगळ्या. समद्विभुज केला असता तर काचेची बाजू पण तिरकी झाली असती, डोक्यावरचं ऊन थेट आत आलं असतं आणि आपल्या मे महिन्यात आत माणूस भाजून निघाला असता. वडील गिरणीत होते, त्यांना विचारलं की वरचा कोन किती होता, म्हणाले आम्ही खाली बघून काम करायचो, वर बघितलं की धागा तुटायचा.


इंजिनिअरिंग_सेकंड_इयर:

ताई तुमच्या धाकट्याचं कुणी घेतलंच नाही राव. विषमभुजातलं विषम म्हणजे असमान, विषम संख्येतलं विषम वेगळं. २, ३, ४ पण विषमभुज आणि ३, ५, ७ पण विषमभुज. पण पोरानं नकळत लै भारी त्रिकोण उचललाय. ३ चा वर्ग ९, ५ चा २५, मिळून ३४, आणि ७ चा ४९, म्हणजे विशालकोन, आणि तो मोठा कोन बरोब्बर १२० अंश आहे, पॉइंटमध्ये काही नाही. बघायचं असेल तर ५ ची रेघ, ३ ची बाजू जिथं जुळलीय त्या टोकाकडून अजून ३ सेमी पुढं वाढवा. त्या वाढवलेल्या भागावर ३-३-३ चा समभुज चपखल बसतो, त्याचा कोन ६०, मग अलीकडचा १८० वजा ६०. हा त्रिकोण मुलीला कोनमापकानं मोजायला द्या, १२० येईल आणि तिचा कोनमापकावरचा विश्वास परत येईल 😂

आणि धाकट्याला झाडूच्या काड्या तोडून द्या, ३, ४ आणि ८ सेमीच्या. त्रिकोण कर म्हणावं. दोन लहान मिळून मोठीला पुरल्या पाहिजेत, ३ आणि ४ मिळून ७, टोकं जुळणारच नाहीत. प्रकार विचारायच्या आधी त्रिकोण होतोय का ते बघायचं, परीक्षेत हे पण फसवायला टाकतात.

आता माझं एक. हे वाचून रात्री मॅपवर टाइमपास केला, सोलापूर, तुळजापूर, अक्कलकोट असा त्रिकोण जोडला. रस्त्यानं नाही, सरळ रेषेत. सोलापूर तुळजापूर साधारण ४२ किमी, सोलापूर अक्कलकोट ३५, तुळजापूर अक्कलकोट ५५. विषमभुज तर आहेच. कोनाचं करा, १७६४ अधिक १२२५ म्हणजे २९८९, आणि ५५ चा वर्ग ३०२५. म्हणजे विशालकोन, पण अगदी काठावर, आपलं सोलापूर जवळजवळ काटकोनात बसलंय!!


कडक_भाकरी:

म्हणजे देवी आणि स्वामी दोघांच्या बरोबर गुण्यात आपण. पण थांब बे, सोलापूर म्हणजे कुठून मोजलं? स्टेशन का सिद्धेश्वर मंदिर का तुझं घर?


इंजिनिअरिंग_सेकंड_इयर:

शहराच्या नावावर जिथं टिंब येतं तिथून 😅 पण पॉइंट बरोबर आहे तुझा. ४२ चं ४३ केलं की १८४९ अधिक १२२५ म्हणजे ३०७४, ३०२५ च्या वर गेलं, झाला लघुकोन. एक किमी इकडंतिकडं केलं की प्रकार बदलतोय.


निवृत्त_मास्तर:

म्हणून मोजलेल्या त्रिकोणाला काटकोन म्हणताना जवळपास हा शब्द जोडावा लागतो आणि बाजू दिलेल्या त्रिकोणाला लागत नाही. पेपरात ५, ५, ७ हे आकडे दिले होते, मोजायला सांगितलं नव्हतं. मुलीला एवढंच समजावा ताई, बाकी तिला सगळं येतंय.


जुळेसोलापूरची_आई:

सगळ्यांचे आभार, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. काल पेपर घेऊन शाळेत गेले होते, मॅडम चांगल्या बोलल्या, समद्विभुजचा १ मार्क दिला आणि तिला सांगितलं की बाजू दिल्या असतील तर चित्राला विचारायचं नाही, वर्गाला विचारायचं. ती खूश आहे. धाकट्यानं झाडूच्या काड्या तोडल्या, नवीन झाडू होता, त्याचं वेगळं प्रकरण झालं.

आणि ओळंबा दादा, तुमचं वाचून मुलगी टेप घेऊन घरभर ३-४-५ करत फिरली. हॉल बरोबर निघाला. किचनमध्ये ५ च्या ऐवजी ४ फूट ११ इंच भरतंय. ओट्याखालच्या शेवटच्या ओळीत फरशीची पाचर का आहे ते मला आठ वर्षांनी कळलं.


ओळंबा_आणि_थापी:

३-४ ला एक इंच कमी म्हंजे लईच मिटलाय की ओ ताई. कुनी बांदलंय?


जुळेसोलापूरची_आई:

नाव नाही घेत दादा, नात्यातलाच आहे.